दादांची 'जर्मन' नेमकी कुठली?

गाडीघोडं : वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त मोटार सर्व्हेअरची उत्तरं

प्रश्न : आमच्या दांडिया बाजारातल्या वाड्याच्या चौकात वडिलांची १९९८ सालची ओपेल ॲस्ट्रा ताडपत्रीखाली उभी आहे. दादा दोन वर्षांपूर्वी गेले. गाडीला ते कायम 'माझी जर्मन' म्हणायचे. पाहुणे आले की आधी गाडी दाखवायचे, मग चहा. आता माझा मुलगा म्हणतो, "आजोबांची फसगत झाली. कंपनी अमेरिकन, गाडी आपल्या हालोलला जोडलेली, जर्मन कसली?" त्यात आमचे जावई भर घालतात की ओपेल केव्हाच बुडाली. खरं काय? आणि ही गाडी ठेवावी की भंगारात द्यावी?
– एक वाचक भगिनी, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ताई, तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात शेवटी देतो. तोवर भंगारवाल्याला वाड्यात पाऊल ठेवू देऊ नका.

गाडी कुणाची, हा प्रश्न एकदा माझ्याही गळ्यात पडला होता. १९९७ साल असेल. मोटार विम्याचा सर्व्हेअर म्हणून तीस वर्षं मी मोडक्या गाड्याच बघितल्या. धडधाकट गाडीकडे बघायची सवय निवृत्तीनंतर लागली. त्या दिवशी हालोलच्या रस्त्यावर जरोदजवळ एका ॲस्ट्रासमोर नीलगाय आली होती. बॉनेटचा चुरा झाला होता, पण चारही दारं हातानं उघडत होती. प्रीमियर पद्मिनी गाडीला एवढा मार बसला की आम्ही पहार मागवायचो, म्हणून ते लक्षात राहिलं. तर आमच्या रिपोर्टात 'मेक' (म्हणजे गाडी कुठल्या कंपनीची) नावाचा एक रकाना असे. मी आरसी बुक बघून त्यात 'जनरल मोटर्स इंडिया' लिहिलं. फाइल परत आली. पॉलिसीत 'ओपेल', रिपोर्टात 'जनरल मोटर्स'. गाडी तीच आहे ना, असा लाल शेरा. मी दोन्ही नावं लिहून, मधे तिरकी रेघ मारून फाइल पाठवून दिली. ती तिरकी रेघ म्हणजेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे, पण जरा सविस्तर सांगतो.

ओपेल मूळची अस्सल जर्मन. फ्रँकफुर्ट आणि माइन्झ यांच्या मधे, माइन नदीकाठी र्‍युसेल्सहाइम नावाचं गाव आहे. तिथं १८६२ साली आडाम ओपेल यांनी कारखाना काढला. १८९९ पासून तिथं मोटारी बनू लागल्या. १९२९ साली अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं ओपेलचा ८० टक्के हिस्सा घेतला आणि १९३१ पर्यंत उरलेलाही. म्हणजे तुमच्या दादांची गाडी हालोलच्या कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ओपेलची मालकी अमेरिकेकडे जाऊन जवळजवळ सत्तर वर्षं झाली होती. एवढ्यापुरतं तुमच्या मुलाचं बरोबर आहे.

पण त्याला एक विचारा. कवळाण्याचा गोपाळ १८७५ साली दत्तक येऊन बडोद्याचा सयाजीराव झाला. महाराजांना नाशिककडचे म्हणायचं की बडोद्याचे? इथं कुणी दोनदा विचार करत नाही. ओपेलचं तर त्याहून सोपं, कारण दत्तक जाऊनही तिनं नाव बदललं नाही आणि घरही सोडलं नाही. पैसा आणि हुकूम जनरल मोटर्सच्या डेट्रॉइटचा. आराखडा, इंजिन आणि इंजिनिअर र्‍युसेल्सहाइमचे. ॲस्ट्रा तिथंच जन्मली, १९९१ साली, 'कॅडेट' या जुन्या गाडीच्या जागी.

हालोलचं प्रकरण असं. जनरल मोटर्सनं १९२८ सालीच मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती, पण १९५४ साली ते दुकान बंद झालं. मग १९९४ साली हिंदुस्तान मोटर्सबरोबर निम्मी-निम्मी भागीदारी करून ती पुन्हा भारतात आली आणि १९९६ पासून हालोलला ॲस्ट्रा बनू लागली. १९९९ साली हिंदुस्तान मोटर्सचा हिस्साही तिनं घेतला. २००० साली कोर्सा आली, पुढं कोर्साचीच 'स्विंग' आणि 'सेल' अशी भावंडं आली. आपल्यापासून पाऊण तासावर, पावागडच्या पायथ्याशी जर्मन गाडी बनते, याचं त्या दिवसांत बडोद्याला काय कौतुक होतं! रावपुऱ्यातला माझा एक गुजराती मेकॅनिक ॲस्ट्राच्या बॉनेटवर हात ठेवून गिऱ्हाइकाला सांगायचा, "साहेब, आ तो जर्मन छे, पण पियर आपणुं हालोल." पियर म्हणजे माहेर. मी सांगितलेला दत्तकाचा दाखला त्यानं माझ्या आधी पंचवीस वर्षं माहेराच्या भाषेत सांगून टाकला होता.

आता जावयांचं. ओपेल बुडालेली नाही, भारतातून गेली. २००३ पासून जनरल मोटर्सनं इथं शेव्हरोलेचं नाव पुढं केलं आणि २००६ साली ओपेल हे नाव इथून काढूनच घेतलं. हालोलला शेव्हरोले बनत राहिल्या. तेही २०१७ च्या एप्रिलमध्ये थांबलं. त्याच वर्षी तो कारखाना चीनच्या साइक या मोटार कंपनीनं घेतला आणि आज तिथं एमजीच्या गाड्या बनतात. एमजी हे नाव मूळचं इंग्लंडचं, मालकी चिनी आणि आता काही भारतीयही, कामगार आपले; म्हणजे तिरकी रेघ अजून चालूच आहे. तिकडे युरोपात २०१७ सालीच जनरल मोटर्सनं ओपेल फ्रान्सच्या पेजो-सित्रोएनवाल्या पीएसएला विकली. २०२१ पासून ती स्टेलांटिस या मोठ्या गोतावळ्यात आहे. ॲस्ट्रा नावाची गाडी तिकडे आजही नवी कोरी मिळते. जावयांना सांगा, आणि जरा मोठ्यानं सांगा.

प्रश्न : मी टेक्नॉलॉजी फॅकल्टीत मेकॅनिकलला आहे. माझे मामा सांगतात की ओपेल आधी शिवणयंत्रं बनवायची आणि पुढं तिनं रॉकेट लावून मोटार पळवली. मामांना वाढवून सांगायची सवय आहे. यातलं किती खरं?
– एक विद्यार्थी, फतेहगंज

उत्तर : बाळा, मामांनी या वेळी काहीच वाढवलेलं नाही. उलट मधली सायकल गाळली.

आडाम ओपेल कुलूपं बनवणाऱ्याचा मुलगा. पॅरिसला जाऊन शिवणयंत्रं शिकला आणि गावी येऊन काकाच्या रिकाम्या गोठ्यात त्यानं कारखाना थाटला. गाईच्या गोठ्यात शिलाई मशीन! आपल्याकडे मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतले (जीआयडीसी) अर्धे उद्योग असेच कुणाच्या तरी परसदारी सुरू झाले, तेव्हा बडोदेकराला यात नवल वाटू नये. १८८६ पासून सायकली सुरू झाल्या. त्याला पाच मुलगे, पाचही जण सायकलच्या शर्यतीतले पट्टीचे. ते जिंकायचे आणि आपोआप जाहिरात व्हायची; वेगळा खर्च नाही. १९२० च्या दशकात ओपेल जगातली सगळ्यात मोठी सायकल कंपनी होती.

मोटार मात्र आडामनं बनवली नाही. तो १८९५ सालीच गेला. त्याची बायको सोफी आणि ते पाच मुलगे, यांनी १८९९ साली देसाऊ गावच्या फ्रीड्रिश लुट्समान नावाच्या कारागिराचा मोटारीचा कारखाना विकत घेतला. हा लुट्समान तिथल्या दरबारचा कुलूपवाला. ती गाडी काही चालली नाही, दोन वर्षांत तो धंदा गुंडाळला आणि पुढच्या वर्षी फ्रान्सच्या दारॅक कंपनीचा परवाना आणून पुन्हा सुरुवात केली. विधवा बाईनं हे सगळं सांभाळलं, हे कंपनीच्या इतिहासात सहसा एका ओळीत उरकतात. मला ती बाई नवऱ्याइतकीच मोठी वाटते. १९११ साली कारखान्याला मोठी आग लागली. त्यानंतर शिवणयंत्रं बंद केली ती कायमची. तोवर जवळपास दहा लाख यंत्रं बनवून झाली होती.

१९२४ ची 'लाउबफ्रोश' तुझ्या अभ्यासाला उपयोगी पडेल. नावाचा अर्थ झाडावरचा बेडूक. हिरवी, चिमुकली, दोन माणसांची. जर्मनीत सरकत्या असेंब्ली लाइनवर बनलेली ही पहिली मोटार. सित्रोएनच्या पिवळ्या छोट्या गाडीची ही हिरवी नक्कल म्हणून कोर्टकचेरी झाली, पण सित्रोएन हरली. सुमारे १,२०,००० गाड्या बनल्या आणि लाइन जसजशी चांगली चालू लागली तसतशी किंमत निम्म्याहून खाली आली. मास प्रॉडक्शन म्हणजे काय, हे प्रोफेसरांनी फळ्यावर शिकवलं नसेल इतकं त्या बेडकात आहे.

आता रॉकेट. आडामचा नातू फ्रित्स फॉन ओपेल. २३ मे १९२८ रोजी बर्लिनच्या आवुस रस्त्यावर तो 'राक २' नावाच्या गाडीत बसला. मागे बंदुकीच्या दारूचे २४ रॉकेट. गाडी उडून जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना पंख, तेही उलटे, जमिनीकडे दाबणारे. वेग गाठला ताशी २३८ किलोमीटर. रॉकेट पेटवायला पायाखाली पेडल होतं, थांबवायला काहीच नव्हतं. पुढच्या वर्षी हा गृहस्थ रॉकेटच्या विमानातही बसला. आणि त्याच वर्षी घरच्यांनी कंपनी अमेरिकनांना विकली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नसावा, पण मामांना सांग, ते जोडतील.

प्रश्न : ओपेल एवढी नावाजलेली होती, तर फोक्सवॅगन किंवा मर्सिडीजसारखा तिचा दबदबा का राहिला नाही? जर्मन गाडी म्हणजे उत्तमच, हे खरं की आपला भाबडेपणा?
– एक निवृत्त शिक्षक, कारेलीबाग

उत्तर : सर, दोन्ही.

दबदबा होता, आणि थोडाथोडका नव्हता. १९३५ ची 'ऑलिंपिया' ही सगळं अंग पोलादी आणि खाली वेगळी चौकट (चॅसी) नसलेली, मोठ्या संख्येनं बनलेली पहिली जर्मन मोटार. त्याच वर्षी ओपेलनं वर्षाला एक लाख गाड्यांचा आकडा ओलांडला. जर्मनीत तोवर कुणाला जमलं नव्हतं. त्या काळाची दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच साली ब्रांडेनबुर्गला 'ब्लिट्स' ट्रकचा कारखाना निघाला आणि हिटलरचं सैन्य त्याच ट्रकवर युरोपभर फिरलं. युद्धात ओपेलच्या कारखान्यांत पकडून आणलेल्या माणसांकडून सक्तीनं काम करून घेतलं गेलं. मालक अमेरिकन असतानाचा हा इतिहास आहे, तेव्हा 'आमचा ताबा नव्हता' एवढ्यावर तो मिटत नाही. ब्लिट्स म्हणजे वीज. आज ओपेलच्या चिन्हावर जी वीज दिसते ती त्या ट्रकच्या नावावरून आली. दादांच्या गाडीवरचं चिन्ह पुसताना दांडिया बाजारच्या ताईंना हे ठाऊक असावं म्हणून लिहिलं.

युद्धानंतर कॅडेट रशियाच्या पदरात गेली आणि 'मॉस्कविच ४००' या नावानं मॉस्कोत बनू लागली. ओपेलनं हळूहळू पुन्हा उभारी धरली. १९६२ साली बोखुमला, जिथं कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या तिथं, नवा कारखाना काढून नवी कॅडेट आणली. १९७२ साली तर जर्मनीतल्या विक्रीत ओपेल फोक्सवॅगनच्याही पुढं होती.

मग घसरण. तिचं एक नाव लोक नेहमी घेतात : लोपेस. स्पेनच्या बास्क मुलखातला हा खरेदीप्रमुख. पुरवठादारांना पिळून सुटे भाग स्वस्त करायचे, यात त्याचा हातखंडा. भाग स्वस्त झाले आणि त्यांचा कसही गेला. जर्मनीत याला 'लोपेस परिणाम' असंच नाव पडलं. नव्वदीतल्या ओपेल गंजाबद्दल बदनाम झाल्या. लोपेस १९९३ साली थेट फोक्सवॅगनमध्ये गेला. जाताना गुपितं घेऊन गेला म्हणून भांडण झालं आणि १९९७ साली फोक्सवॅगननं जनरल मोटर्सला दहा कोटी डॉलर देऊन, वर शंभर कोटींचे सुटे भाग घ्यायचं कबूल करून ते मिटवलं. मी तीस वर्षं गॅरेजवाल्यांची एस्टिमेटं कापत आलो, त्यामुळे लोपेसबद्दल मला थोडी आपुलकीही वाटते. पण कुठल्या ओळीवर पेन थांबवायचं, हे कापणाऱ्याला कळलं पाहिजे. ब्रेकच्या ओळीवर मी कधी पेन चालवलं नाही.

कीर्ती एकदा खाली आली की गंमत होते. जर्मन पोरं यमक जुळवून चिडवायची : 'येडर पोपेल फेर्ट आयनन ओपेल', म्हणजे कुणीही सोम्यागोम्या ओपेल चालवतो. 'मांटा' या तिच्या देखण्या गाडीच्या चालकांवर तर विनोदांची लाटच आली होती. १९९९ पासून जनरल मोटर्सचा युरोपातला धंदा वर्षानुवर्षं तोट्यात. २००९ साली ओपेल विकायचं ठरलं, गिऱ्हाईक ठरलं, आणि नोव्हेंबरात जनरल मोटर्सनं मोडता घातला. ठरलेलं लग्न मांडवात मोडावं तसं. २०१४ साली बोखुमचा कारखाना बंद झाला. त्याच साली ओपेलनं जाहिरात काढली, तिचा मथळा होता 'डोक्यातल्या डोक्यात गाडी दुसरीकडे लावा'. आपली गाडी वाईट नाही, तुमचं मत जुनं आहे, असं कंपनीलाच सांगावं लागलं यात सगळं आलं. आणि पीएसएकडे गेल्यावर, २०१८ साली, तीच ओपेल नफ्यात आली.

आता आपल्याकडची कीर्ती. बडोद्यात ॲस्ट्रा 'मजबूत पण खर्चिक' म्हणून प्रसिद्ध झाली. यातल्या 'खर्चिक'मागे एक कारण असं आहे जे गाडीत नाही, विम्याच्या नियमात आहे. अपघाताच्या दाव्यात प्लॅस्टिक, रबर, नायलॉन यांवर सरळ ५० टक्के घसारा कापतात. काचेवर काही नाही. अँबॅसिडर-पद्मिनीचा बंपर लोखंडी, ठोकून सरळ केला की झालं. ॲस्ट्राचा बंपर प्लॅस्टिकचा. फुटला की नवा, आणि नव्याचे अर्धे पैसे मालकाच्या खिशातून. माझ्या समोर बसून कितीतरी लोक म्हणाले असतील, "ही जर्मन फार महाग पडते हो!" जर्मनांचा काय दोष? पुढं सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांना प्लॅस्टिकचे बंपर आले आणि तक्रारीचा सूर सवयीनं खाली आला. पण ॲस्ट्रानं ते बोलणं खाल्लं.

प्रश्न : देवूची सिएलो आणि ओपेल ॲस्ट्रा यांचं नातं आहे असं ऐकलं. कोरियन आणि जर्मन कसं काय?
– एक वाचक, सयाजीगंज

उत्तर : आहे. सिएलोचा सांगाडा मूळचा ओपेलच्या जुन्या कॅडेटचा. कोरियात ती आधी 'लमाँ' नावानं बनली, मग नटूनथटून सिएलो झाली. ॲस्ट्रा कॅडेटची वारस. म्हणजे १९९६ साली भारताच्या रस्त्यावर मावशी आणि भाची एकमेकींशी स्पर्धा करत होत्या. दोघींच्या इंजिनांचं घराणंही एकच.

आता दांडिया बाजारच्या ताई. तुमचा तिसरा प्रश्न : गाडी ठेवावी की भंगारात द्यावी?

आधी कागद. आरसी दादांच्या नावावर असेल. मालक वारल्यावर गाडी वारसाच्या नावावर करायला आरटीओत फॉर्म ३१ लागतो. ते आधी करा, ठेवायची असो वा काढायची. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढं तपासणी करून दर ५ वर्षांनी वाढते. म्हणजे २०१३, २०१८, २०२३ या नोंदी आरसीवर झाल्यात का बघा. 'विंटेज' म्हणून सवलत मिळेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्याला ५० वर्षं लागतात, २०४८ उजाडेल. भंगारातच द्यायची ठरली तर सरकारमान्य केंद्रात द्या आणि जमा केल्याचं प्रमाणपत्र घ्या, म्हणजे उद्या ती नंबरप्लेट दुसरीकडे फिरत असल्याचा फोन तुम्हाला यायचा नाही.

ठेवायची असेल तर दोन जागा बघा : मागच्या चाकांवरच्या कमानी आणि दारांखालच्या पट्ट्या. मुलाला गुडघ्यावर बसवून बोटानं दाबायला सांगा. पत्रा बोटाखाली कुरकुरला तर मोह सोडा. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीपुढं जाईल. पत्रा टणक असेल तर गाडी वाचवण्यासारखी आहे.

मग मुलाला म्हणावं, चावी लगेच फिरवू नकोस. दोन वर्षांचं शिळं पेट्रोल काढ, ऑइल बदल, बॅटरी नवी घाल. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोड आणि पान्यानं इंजिन हातानं हळूहळू फिरव. अडकलं तर जोर करू नकोस. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते वहीत सापडलं नाही तर बदलूनच टाक; दादा वही ठेवत असणार, पाहुण्यांना आधी गाडी दाखवणारी माणसं वही ठेवतात. पार्टसाठी जुन्या मेकॅनिकला सिएलोचं नाव घालून विचारा, त्यांच्या माळ्यावर काय काय निघतं ते बघा. टायर वरून कितीही चांगले दिसले तरी बदला.

आणि बॉनेट उघडायच्या आधी वरून दोन थापा मारा. वाड्यात उभ्या राहिलेल्या गाडीत मांजरीनं संसार मांडलेला असतो, तिला निघायला वेळ द्यावा.